सार्जंटचा काटा

माल्विनास बेटं,
१६ एप्रिल १९८२

दिओलिंदाताई,

पोचलो एकदाचा. आईला सांग, पोरगा विमानात बसला. पेलेग्रिनीतल्या कुणाच्या पोरानं बसून दाखवावं! विमानाला खिडकी नव्हती, बाकंही नव्हती, बटाट्याच्या पोत्यांसारखे एकमेकांना रेलून आलो, हे मात्र तिला सांगू नकोस.

इथं झाड नाही, ताई. कमी आहेत असं नव्हे, एकही नाही. पण जमीन आपल्या ओळखीची निघाली. वर गवत, खाली पाणी. इंग्रज चालून येतील म्हणून खड्डा खणून त्यात राहायचं असा हुकूम आहे, आणि खणला की गुडघाभर पाणी साठतं. शहरातली पोरं रडकुंडीला आली. मी म्हटलं, अरे, माझा सगळा जन्म दलदलीत गेलाय, मला काय पाण्याची भीती घालता? पण आपलं पाणी कोमट असतं. हे हाडाला चावतं.

एक मजा सांगतो. इथं एक बदक आहे, त्याला उडताच येत नाही. पंख वल्ह्यासारखे मारत पाण्यावरून धावत सुटतं. एर्मिंदो सोतेलो म्हणून गोया गावाकडचा एक जण माझ्या खड्ड्यात आहे, तंबाखूच्या मळ्यातला, त्यानं दगडानं एक पाडलं. पिसं उपटताना मी पंख चाचपला, तर सांध्यावर टणक गाठ! आपल्या चाखा पक्ष्याच्या, सार्जंटच्या पंखाला काटा जिथं आहे, बरोबर तिथं. इथल्या रानहंसांनाही तशीच. म्हणजे ही सगळी आपल्या चाखाची भावकी, ताई. पण गरीब भावकी. जमीनजुमला, म्हणजे काटा, सगळा चाखाकडे राहिला आणि यांच्या वाट्याला नुसती गाठ. मांसाला माशाचा वास मारतो, पण आम्ही हाडंसुद्धा चघळली.

सार्जंट कसा आहे? संध्याकाळी कोंबड्या हाकून आणतो की नाही? मी घरट्यातून आणला तेव्हा पिवळ्या लोकरीची गुंडी होता आणि तू म्हणाली होतीस, मेला टर्कीएवढा होऊन खाईल आणि शिजवायला गेलं तर भांडंभर फेस, बडा घर पोकळ वासा. आता बघ, त्याच्याशिवाय तुझं एक अंडं सुरक्षित नाही.

आमचा इथला सार्जंट कसा आहे ते विचारू नकोस. पत्रं आधी वरचे लोक वाचतात, म्हणून लिहितो, की आमचे सार्जंट फार प्रेमळ आहेत.

पहाऱ्यावर उभा असलो की भीती वाटते. थोडीच. आईला नको सांगू.

तुझा
चेंचो


इबेरा,
२७ एप्रिल

चेंचो, गाढवा,

‘आईला नको सांगू’ हे पत्राच्या शेवटी लिहितात का? मी आईला घडाघडा मोठ्यानं वाचून दाखवत गेले आणि ते वाचूनच थांबले. मग काय! हातातला मातेचा कढत काढा तसाच गार झाला, म्हातारी उठली आणि हॅकसॉ शोधायला लागली.

तुला माहीतच आहे तिचं. चाखाला झोपलेला कुणी पाहिलाय, म्हणते. डबक्यात कुणी पाय घातला तरी कोसभर ओरडतो. त्याचा काटा गळ्यात असला की पहाऱ्यावरच्या माणसाचा डोळा लागत नाही आणि त्याला गोळीही लागत नाही. अट एकच, काटा जिवंत पक्ष्याचा हवा आणि पक्षी जगला पाहिजे. तो दारात उभा आहे तोवर माणूस उभा. तो पडला की गळ्यात राहतं ते नुसतं हाड. आजोबांनी तीस वर्षं तसा काटा घालून मगरी मारल्या आणि त्यांचा चाखा मेला त्याच आठवड्यात ते गेले. ते दारूनं गेले असं माझं मत आहे, पण या घरात माझं मत विचारतो कोण?

तर मी सार्जंटला काखेत धरला, डोक्यावर पोतं टाकलं, आणि आईनं उजव्या पंखाचा काटा कापला. बिचारा ओरडलासुद्धा नाही. थोडं रक्त आलं, मी राख दाबली. सोडल्यावर माझ्याकडे न बघता सरळ कोंबड्यांत जाऊन उभा राहिला. दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता. त्याची मादी पंखाशी चोच लावून बसायची.

काटा पिशवीत शिवून पाठवलाय. सोबत चिपा पाव आणि सुकं मांस आहे. माझा या हाडांवर विश्वास नाही, तुला ठाऊक आहे. पण आईचा आहे, म्हणून गळ्यात घाल. आणि मोजे रोज पिळून वाळवत जा.

इतातीची माउली तुला सांभाळो.

दिओलिंदा


माल्विनास,
१० मे

ताई,

काटा पोचला. चिपा आणि मांस वाटेत कुणाच्या तरी पोटात पोचलं. असू दे, माउली त्याचं पोट बिघडवो.

आता सांगायला हरकत नाही म्हणून सांगतो. काटा येईपर्यंतचे दिवस वाईट होते. गोळे पडायला लागल्यापासून मी उठतच नव्हतो. पाण्यात बसून राहायचो. एर्मिंदो डबा आणून तोंडाशी धरायचा, मी तोंड उघडायचो नाही. तो थोबाडीत मारायचा, शिव्या द्यायचा, मग स्वतःच रडायचा. मला वाटायचं, कुणीतरी यावं आणि संपवून टाकावं एकदाचं. पहाऱ्याची बंदूक मांडीवर असायची, आणि ताई, एकदा मी तिच्याकडे नको तसं बघितलं. जाऊ दे.

काटा गळ्यात घातला त्याच दुपारी आमच्या खड्ड्याच्या काठावर गोळा पडला. मी मानेपर्यंत गाडला गेलो. उकरून काढलं, तर अंगावर ओरखडा नाही! काटा हातात धरून खुळ्यासारखा हसत होतो म्हणे. तेव्हापासून जेवतो, उठतो, थट्टा करतो. आता सगळे येता-जाता काट्याला हात लावून जातात. मला रानटी म्हणणारी शहरातली पोरंसुद्धा.

एक काम कर. प्रत्येक पत्रात एवढंच लिही, की सार्जंट उभा आहे. बाकी काही नसलं तरी चालेल. आणि खोटं लिहू नकोस, ताई. मेला तर मेला म्हणून लिही. मग मी डोकं खाली घालून बसेन, खड्ड्याबाहेर पाऊल टाकणार नाही. मला ठाऊक असलेलं बरं.

चेंचो


इबेरा,
२२ मे

चेंचो,

सार्जंट उभा आहे. घे, लिहिलं.

आणि नुसता उभा नाही, ऐक. गेल्या आठवड्यात पहाटे कोल्हा आला. कोंबड्यांचा एकच कालवा. मी दिवा घेऊन बाहेर येते तो तुझा सार्जंट कोल्ह्यापुढे पंख पसरून उभा! एक काटा तुझ्याकडे आहे हे त्याच्या गावीही नाही. डाव्या पंखानं असा काही तडाखा दिला, की कोल्हा केकाटत गवतात पळाला. एक कोंबडी गेली नाही. आता अंगणात अशा तोऱ्यात फिरतो, जसा काही लढाई तोच जिंकून आलाय. मादी मागे मागे. आईनं त्याला मांडिओकाचा कंद उकडून घातला, मला मात्र कालचा शिळा.

तू जेव. उठून बस, हिंड-फिर, थट्टा कर. त्या बंदुकीबद्दल जे लिहिलंस ते मी आईला वाचून दाखवलेलं नाही. पुन्हा असं मनात आणलंस तर मी स्वतः येऊन तुझ्या थोबाडीत मारीन, एर्मिंदोला म्हणावं, तू बाजूला हो.

आई शेजारीच बसली आहे. तिचा आशीर्वाद.

दिओलिंदा


माल्विनास,
३ जून

ताई,

जिवात जीव आला! पत्र तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. कोल्ह्याच्या जागी सगळ्यांनी इंग्रजांचा कमांडर घातला आणि पोट धरधरून हसले. इथं हसू ऐकून किती दिवस झाले होते.

इंग्रज आता जवळ आलेत, रात्रंदिवस गोळे पडतात. स्वयंपाकाची जागा टेकडीखाली आहे आणि मधल्या उघड्या वाटेनं खाली जायला कुणी तयार होत नाही. म्हणून मी जातो. रोज. पावाचं पोतं पाठीवर टाकून वर येतो. पहिल्या दिवशी दर दहा पावलांवर आडवा पडत गेलो. आता शीळ घालत जातो. सगळे म्हणतात, जा रे चेंचो, तुझा सार्जंट उभा आहे! माझ्यामुळे बावीस जण जेवतात, ताई. आईला हे सांग. हे मुद्दाम सांग.

आपली भावकी मात्र उडून गेली. रानहंस एक दिसत नाही. ते न उडणारं बदक तेवढं राहिलंय, ते बिचारं कुठं जाणार?

चेंचो


इबेरा,
१२ जून

चेंचो,

हे पत्र हातात पडेल तिथं खाली बस. बसलास? आता उठू नकोस.

सार्जंट मेला. तुझं दहा मेचं पत्र माझ्या हाती आलं तेव्हा मी त्याला पुरून आले होते, नखांत माती होती.

कोल्हा आला ते खरं. सार्जंट आडवा गेला तेही खरं. पण त्यानं उजवा पंख उगारला. तो नेहमी उजवाच उगारायचा, तुला माहीत आहे. त्याच्यावर काटा नव्हता. त्याला काय ठाऊक, की त्याचं हत्यार आम्ही टपालानं पाठवून दिलंय? कोल्ह्यानं मान धरली. कोंबड्या सगळ्या वाचल्या. दोन दिवस तो उठायला बघत होता, मी खाली दडपत होते, पुन्हा उठायला बघत होता. मादी अंगणात उभी राहून ओरडत राहिली. एके सकाळी बघते तर तीही नाही.

आई म्हणाली, आत्ताच्या आत्ता खरं लिही. पोराला कळलं म्हणजे तो बिळात बसून राहील. आणि तिच्यासमोर बसून, ती माझ्या हाताकडे बघत असताना, मी ते कोल्ह्याचं रामायण लिहिलं. तिला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. तिला वाटतं, तुला सगळं कळलंय. रोज म्हणते, आता माझं लेकरू जपून असेल.

मी का लिहिलं? तू बंदुकीकडे बघितलंस म्हणून. मला वाटलं, हाडच आहे ते, मेलेल्याचं काय आणि जित्याचं काय. माझा विश्वास नव्हता, म्हणून खोटं बोलणं मला स्वस्त वाटलं. तुझा होता हे माझ्या लक्षात राहिलं नाही. तू स्पष्ट लिहिलं होतंस, खोटं लिहू नकोस म्हणून.

जाऊ नकोस. बावीस जण उपाशी राहू देत. भित्रा म्हणतील, म्हणू देत. जेवायला दिलं नाही तर गवत खा. माझ्या राजा, बिळातून डोकं वर काढू नकोस. परत आलास की मला हवं तेवढं बदडून काढ, मी हूं की चूं करणार नाही.

तुझी ताई


लष्करी इस्पितळ,
२१ जुलै

आदरणीय दिओलिंदाबाई,

मी एर्मिंदो सोतेलो. चेंचोबरोबर एकाच खड्ड्यात होतो. बातमी तुमच्यापर्यंत सरकारी माणसांनी आणली असेलच. कशी आणली असेल याची कल्पना आहे. म्हणून जे झालं ते माझ्या शब्दांत लिहितो, माफ करा.

अकरा जूनला दुपारी वरचेवर गोळे पडत होते. आदल्या दिवशीपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. चेंचो उठला, पोतं घेतलं. खरं सांगतो बाई, त्या दिवशी त्याचं मन नव्हतं. दोनदा उठला आणि दोनदा बसला. मला म्हणाला, आज नको वाटतंय रे. मी भुकेला होतो. मी म्हटलं, अरे, तुझा सार्जंट उभा आहे, बहिणीनं लिहिलंय ना? मग हसला आणि गेला. खाली पोचला. वर येताना वाटेत पडला. पावाचं पोतं पाठीवरच होतं. आम्ही अंधार पडल्यावर त्याला आणायला गेलो. मी त्याच्याजवळ रडलो, आणि नंतर तो पाव खाल्लासुद्धा. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

काटा मी त्याच्या गळ्यातून काढून घेतला. तो माझ्याकडे आहे, त्याला साधा चरासुद्धा पडलेला नाही. पुढं आम्ही कैद झालो, मग सोडलं. माझे दोन्ही पाय थंडीनं सडले होते, ते इथं घोट्याच्या वर कापले. लाकडी पाय बांधून कुबड्यांवर चालायला शिकवताहेत.

दिवसभर पडून एकच विचार करतो. माझी आजीही आमच्याकडे हेच सांगायची, की पक्षी उभा तर माणूस उभा. मग हे कसं झालं? पक्षी जिवंत असेल तर काटा खोटा, आणि मी एका खोट्या हाडाच्या भरवशावर मित्राला मरायला धाडलं. आणि पक्षी मेला असेल तर केव्हा? त्याच दुपारी का? मला एवढंच कळू द्या. मी जरा चालता झालो की येऊन काटा परत करीन आणि तुमच्या आईंच्या पाया पडेन. तुमचं उत्तर येईपर्यंत धीर धरतो. त्यानंतर काय ते माहीत नाही.

आपला
एर्मिंदो सोतेलो


इबेरा,
३ ऑगस्ट

एर्मिंदोभाऊ,

पक्षी मे महिन्यातच मेला होता. तुम्ही सगळे ज्या पत्राला हसलात ते मी लिहिलं तेव्हा तो जमिनीखाली होता. खरं सांगणारं पत्र मी बारा जूनला लिहिलं, म्हणजे तो पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते परवा न फोडताच परत आलं.

तेव्हा तुमचा हिशेब तुम्ही मांडून बसू नका. तुम्ही त्याला जे म्हणालात ते तुमचं नव्हतंच. मी लिहिलेलं तुम्ही म्हणून दाखवलंत. त्या दुपारी त्याचं मन सांगत होतं, जाऊ नकोस, आणि माझी अक्षरं सांगत होती, जा. पाव खाल्लात त्याची लाज बाळगू नका. त्यानं तो तुमच्यासाठीच आणला होता, आणि वाया गेला नाही एवढंच त्या दिवसाचं मला ऐकवतं.

काटा खरा होता की खोटा, हे मला विचारू नका. मी अजूनही मानत नाही. मानता आलं असतं तर बरं झालं असतं, सगळं त्या मेलेल्या पाखरावर ढकलून मी मोकळी झाले असते.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं, पण अर्धंच. ‘बहिणीनं लिहिलंय’ ते गाळलं. तुम्हाला इथलं ठाऊक नाही म्हणून सांगते. सरकारी माणसं होडीतून येऊन गेली त्या दिवसापासून आईनं अन्न टाकलंय. दोन घोट माते, बस्स. तिला वाटतं, मी तिच्या सांगण्यावरून त्याला खरं कळवलं, पक्षी मेल्याचं वाचून पोरानं हाय खाल्ली आणि म्हणून तो गेला. रात्रंदिवस एकच घोकते, मीच मारलं गं, मीच लिहायला लावलं. तिनं त्याला वाचवायला जे सांगितलं तेच मी केलं नाही, आणि ती मरतेय ते केल्याच्या दोषानं. मला एका वाक्यात तिची सुटका करता येईल. रोज सकाळी माते भरून तिच्यापुढे बसते, तोंड उघडते, आणि पाणी पुरेसं गरम आहे का ते विचारून उठते. तिला दोन मुलं होती, एक गेलं. हे सांगितलं की दुसरंही जाईल, मी घरात असूनसुद्धा.

तुम्ही यायचं म्हणता. या. चालायला शिकेपर्यंत थांबू नका, तोवर ती टिकणार नाही. पेलेग्रिनीपर्यंत गाडी येते, तिथून पुढं मी होडी घेऊन न्यायला येईन. काटा आणलात काय आणि फेकून दिलात काय, माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही तिथं होतात, तुमच्या शब्दावर तिचा विश्वास बसेल. माझं नाव घेऊन सांगा. म्हणा, तुमचा मुलगा पक्षी जिवंत आहे असं समजून गेला, कारण तुमच्या मुलीनं तसं लिहिलं होतं. मला सांभाळून घेऊ नका.

धक्क्यापासून घरापर्यंत चिखल आहे, कुबड्या रुततील. मी तुम्हाला पाठीवर घेऊन तिच्यासमोर नेऊन बसवीन, आणि तुमचं बोलून होईपर्यंत तिथून हलणार नाही.

दिओलिंदा